चार मात्रांची जागा

गुरुवारी साडेसातला मी सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावते,
लाकडी जमिनीवर चिमूटभर पावडर भुरभुरते,
मग समोरासमोर दोन रांगा. इकडे चार, तिकडे चार.
डेव्हनमधलं आमचं नेदरकोम, तिथला हा नाच,
नाव 'पाणचक्कीचं दार'.
चाली सांगायला मी, निवृत्त पोस्टमास्तरीण.

पुढे या. मान लववा. मागे.
उजवा खांदा चुकवत एकमेकांना ओलांडा,
पाठीला पाठ, तोंड न फिरवता परत जागेवर.
पहिली जोडी रांगेबाहेर वळून खाली,
हात धरून मधून वर.
आता वेणी: तिघांचे तीन पेड,
एक आतून, एक बाहेरून, कुणाला कोपर न लागता.
आणि थांबा.
चार मात्रा.
व्हायोलिन चालू, पावलं नाहीत.

ब्रिस्टलचे एक जाणकार अधूनमधून येतात, मखमली जाकीट घालून.
म्हणतात, हा विराम दरबारी.
उमरावांच्या दिवाणखान्यातला,
नोकरांनी दाराच्या फटीतून पाहिलेला,
खळ्यात आणून चिखलाच्या बुटांनी नाचलेला.
वाटेत लेस गळून पडली, विराम तेवढा उरला.

बाकीचं असेलही तसं.
विरामाचं नाही.

माझी आजी केझाया तेव्हा चौदा वर्षांची,
निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात बटाटे सोलायला.
एकोणीसशे नऊचा मार्च. सायकलवरून एक गृहस्थ आले,
पँटला क्लिपा, काखेत वही.
जेथ्रो लस्कम कोण? जेथ्रो एक्क्याऐंशीचा,
गुडघे कामातून गेलेले.
म्हणाला, नाचून दाखवायला आठजण लागतात, साहेब.
सहा चर्चमागे निजलेत, एक कॅनडात आहे,
आणि आठवा हा असा.

मग स्वयंपाकघराच्या टेबलावरच त्याने रांगा लावल्या.
बाप्यांच्या जागी चार बटाटे.
बायांच्या जागी मीठदाणी, अंड्याचा कप, मोहरीची बाटली,
आणि दुसरीच्या जागी खिशातून काढलेलं
पितळी अंगुस्तान, कडेला चेमटलेलं.

गुणगुणत एकेकाला सरकवत गेला.
मीठदाणी बटाट्याभोवती झोकात वळली,
आजीला हसू आवरेना.
वेणी सुटली. आता दुसऱ्या जोडीची गिरकी,
दोन्ही हात धरून.
त्याने अंगुस्तान उचललं
आणि मूठ मिटली.
गुणगुणणं थांबलं नाही. टेबलावर काहीच हललं नाही.
वहीतून मान वर करून साहेबांनी विचारलं,
इथे काय करतात?
इथे? इथे मी थांबतो.

पेन्सिलीने लिहिलं गेलं: सर्वजण थांबतात. चार मात्रा.

आजी त्याच्या बाजूला उभी होती.
मुठीच्या आत त्याचा अंगठा कडेवरून
दोनदा फिरलेला तिने पाहिला.
बटाटे तिने मोजून परत घेतले,
रात्रीच्या सूपमध्ये गेले ते.

पाच वर्षांनी पुरुषांची रांग फ्लँडर्सला गेली.
बायकांनी दंडाला निळी रिबीन बांधून ती भरली,
दोघीदोघी नाचल्या, वहीत होतं तसं.
वेणीनंतर थांबल्या.
तेव्हा कुणी दरबाराचं नाव काढलं नाही.

मीही जाणकारांना काही सांगितलेलं नाही.
सांगायचं तर अंगुस्तान कुठाय विचारतील,
आणि ते जेथ्रोबरोबर गेलं.

परवा गॅरेजमधला डेन्झिल आला, नवखा, नखांत वंगण.
वेणीतून कसाबसा सुटला. मी म्हटलं, थांबा.
त्याला थांबणं जमेना. समोर ओरिएल पॅस्को,
वय शहात्तर, कमरेला पट्टा.
त्याने तिचे दोन्ही हात धरले,
चार मात्रांत पुरती फिरवली
आणि समेवर जागच्या जागी आणून ठेवली.

सगळे हसले. ओरिएल नाही हसली.
जाणकारांनी माझ्याकडे पाहिलं, दुरुस्त करा म्हणून.
मी चष्मा शोधत राहिले.
डोक्यावरच होता.